१० केव्हीएचा जनरेटर येतोय – जागा, चौथरा आणि केबलची तयारी कशी करावी?

कंदील

नमस्कार. घरासाठी १० केव्हीएचा सिंगल फेज डिझेल जनरेटर घेतोय. सायलेंट कॅनोपी (आवाज दाबणारी पेटी) आहे आणि वीज गेली की आपोआप चालू व्हावा म्हणून एटीएस पॅनेल (घराचा भार ग्रिडवरून जनरेटरवर आपोआप वळवणारं) सोबत येणार आहे. पुरवठादार एवढंच म्हणाला, "जागा तयार ठेवा." संच यायला पाच आठवडे आहेत. कॅनोपीचं माप १८०० × ९०० मिमी, उंची १२०० मिमी. डिझेल, ऑइल, कूलंट धरून वजन साधारण ६५० किलो.

जागा दोन आहेत. पहिली म्हणजे घराची मागची भिंत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधला बोळ. रुंदी १.६ मीटर, खाली जुना कोबा आहे, डीबी (घरातला विजेचा वितरण बोर्ड) तिथून ८ मीटरवर. या बोळात स्वयंपाकघराची आणि न्हाणीघराची अशा दोन खिडक्या उघडतात. दुसरी जागा अंगणाचा कोपरा, ४ × ३ मीटर, घरापासून ५ मीटर दूर, वरून मोकळा. पण तिथे दोन वर्षांपूर्वी भराव टाकलाय आणि पावसात वीतभर नाही, पण चार बोटं पाणी साचतं. केबल २५ मीटर लागेल.

घराची लाइन थ्री फेज आहे. जनरेटरवर दीड टनाचा एक इन्व्हर्टर एसी, फ्रिज, १ एचपीचा पंप, मायक्रोवेव्ह, दिवे, पंखे आणि राउटर एवढं हवंय. घरात बॅटरीचा इन्व्हर्टर आधीपासून आहे, छतावर ग्रिडला जोडलेलं सोलर आहे.

जागा कोणती घ्यावी? चौथरा किती जाड? केबल कोणती? आणि संच येण्याआधी काय काय उरकून ठेवायचं?

सायलेन्सर

बोळ विसरा. केबलचे सतरा मीटर वाचवण्यासाठी ती जागा घेऊ नका.

सगळ्यात मोठं कारण धूर. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागं करत नाही. दोन भिंतींमधल्या बोळात धूर विरळ होत नाही, भिंतीला धरून वर चढतो आणि खिडकी बंद असली तरी फटींतून, एक्झॉस्ट फॅनच्या भोकातून आत येतो. दारं, खिडक्या, झरोके, एसीच्या पाइपची भोकं यांपासून दीड मीटर हे अगदी किमान अंतर समजा. संचाच्या मॅन्युअलमध्ये जास्त दिलं असेल तर ते पाळा. तुमच्याकडे ५ मीटर मिळतायत, ते सोडू नका. शेजाऱ्यांच्या खिडक्याही याच हिशेबात धरा. आणि काहीही केलं तरी झोपायच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावाच.

दुसरं कारण गरम हवा. रेडिएटरमधून बाहेर पडणारी हवा समोरच्या भिंतीवर आपटून परत इनटेकच्या जाळीत शिरली की इंजिन स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतं. मग भर दुपारी एसी चालू असताना, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच, हाय टेम्परेचरवर संच बंद पडतो. मेकॅनिक कूलंट बदलतो, थर्मोस्टॅट बदलतो, पण दोष जागेचा असतो.

तिसरं, १६०० मधून ९०० गेले की ७०० मिमी उरतात, तेही दोन्ही बाजू मिळून. कॅनोपीचं दार पूर्ण उघडणार नाही, ऑइल फिल्टर काढायला माणूस बसणार नाही. शिवाय दोन कडक भिंतींमध्ये आवाज घुमतो. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, बोळात तसा उतरत नाही.

कोपऱ्यातही दिशा ठरवायची आहे. गरम हवा आणि सायलेन्सरचं तोंड घरापासून उलट बाजूला, आणि त्या बाजूला समोर निदान २ मीटर मोकळं. दारांच्या दोन्ही बाजूंना १ मीटर, इनटेकच्या बाजूलाही १ मीटर. कंपाउंडच्या भिंतीला अगदी चिकटवू नका. वर झाडाची फांदी नको, छपराच्या पागोळ्या कॅनोपीवर पडायला नकोत. गॅस सिलिंडर किंवा गॅसचा मीटर जवळपास असेल तर निदान ३ मीटर लांब राहा.

धुराचा पाइप वाढवायची वेळ आली तर पाइपाचा भार सायलेन्सरवर टाकायचा नाही. त्याला स्वतंत्र आधार द्या आणि मध्ये लवचीक बेलो घाला, नाहीतर इंजिनच्या थरथरीने मॅनिफोल्डशी चीर पडते. लांबी आणि वळणं वाढली की व्यासही वाढवावा लागतो. इंजिनला किती बॅक प्रेशर चालतं तो आकडा पुरवठादाराकडून लेखी घ्या.

पक्का पाया

जागेबद्दल वरच्या उत्तराशी सहमत. आता भराव आणि पाणी.

चौथरा कॅनोपीपेक्षा चारही बाजूंना १५० मिमी मोठा घ्या, म्हणजे २.१ × १.२ मीटर. चार बोटं म्हणजे ७०-८० मिमी पाणी साचतं असं धरलं तर चौथऱ्याचा माथा जमिनीपासून २५० मिमी वर ठेवा.

खणताना आधी भराव काढायचा. निदान ३०० मिमी खाली जा आणि १२ मिमीची सळई हाताने दाबून पाहा. सळई सहज घुसत असेल तर अजून खोल जा. तळ ओला करून धुमस करा (ठोकून घट्ट करा). त्यावर मुरूम आणि खडी मिळून २०० मिमी, पण १००-१०० मिमीच्या दोन थरांत, प्रत्येक थरावर पाणी मारून धुमस. एकदम २०० टाकलं तर वरचं पक्कं होतं आणि खालचं पोकळ राहतं. मग १:४:८ चा १०० मिमी पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट), आणि त्यावर २५० मिमी आरसीसी (सळई घातलेलं काँक्रीट).

काँक्रीट एम२० म्हणजे १:१.५:३. आरसीसीचं घनफळ २.१ × १.२ × ०.२५ = ०.६३ घनमीटर. घनमीटरला ८ गोण्या धरल्या तर ५ गोण्या लागतात. नासधूस धरून ६ आणा, पीसीसीचा सिमेंट वेगळा. पाणी गोणीला २५ ते २७ लिटर, त्यापलीकडे नाही. पसरायला सोपं जावं म्हणून गवंडी बादली ओततो, आणि पुढे तोच माथा भुगा होऊन सुटतो. सळई ८ मिमीची, २०० मिमी अंतरावर जाळी, एक खाली आणि एक वर, खाली-वर ४० मिमी कव्हर (सळईबाहेरचा काँक्रीटचा थर). एका जाळीला साधारण २६ मीटर सळई लागते, दोन्हींना मिळून २१ किलो. २५ किलो घ्या. कव्हर ब्लॉक आठवणीने ठेवा. विटेच्या तुकड्यावर जाळी टेकवली तर तो तुकडा पाणी पितो आणि सळई गंजते.

आता वजनाचं. चौथरा साधारण १५०० किलो आणि संच ६५०, म्हणजे २१५० किलो, २.५२ चौरस मीटरवर. चौरस मीटरला ८५० किलोच्या आसपास. ७० किलोचा माणूस एका पायावर उभा राहिला तर जमिनीवर याच्या चौपट दाब पडतो. म्हणजे संचाच्या वजनाने चौथरा खचत नाही, भराव स्वतः दबल्यामुळे किंवा पाण्याने धुपल्यामुळे खचतो. म्हणून जाडीवर पैसा ओतण्याआधी धुमस आणि निचरा नीट करा. चौथऱ्याभोवती ३०० मिमी रुंद खडीचा पट्टा आणि बाहेरच्या बाजूला उतार द्या.

माथा लेव्हल ट्यूबने तपासा. कॅनोपी टेकते तेवढ्या भागात ३ मिमीपेक्षा जास्त फरक नको. बाहेरचा १५० मिमीचा पट्टा मात्र ५ मिमी बाहेरच्या बाजूला उतरता घ्या, म्हणजे पाणी बेसच्या चॅनेलखाली शिरणार नाही.

काँक्रीट ओतायच्या आधीची खरी गोष्ट पाइपांची आहे. पुरवठादाराकडून बेसचा ड्रॉइंग मागा, ज्यात केबल खालून कुठे वर येते ते मापासकट दाखवलेलं असतं. ते माप प्लायवर उतरवा, प्लायला भोकं पाडा आणि पाइप त्या भोकांत धरूनच काँक्रीट ओता. व्हायब्रेटर लागला की मोकळा पाइप ५०-६० मिमी सहज सरकतो, नेमका बेसच्या चॅनेलखाली येतो आणि मग चौथरा फोडावा लागतो. पाइप माथ्याच्या १०० मिमी वर काढा, तोंडाला टोपी आणि आत नायलॉनची दोरी. एक ६३ मिमीचा पॉवरसाठी, एक ५० मिमीचा कंट्रोलसाठी, एक ५० मिमीचा रिकामा. आणि अर्थिंगच्या पट्ट्यांसाठी दोन बाजूंना वाट.

वेळेचं गणित: पहिल्या आठवड्यात खोदाई, धुमस आणि काँक्रीट उरकलं तर संच येईपर्यंत बरोबर २८ दिवस मिळतात. पहिले ७ ते १० दिवस ओलं गोणपाट सतत भिजलेलं हवं. अँकर बोल्टची भोकं २८ दिवसांनीच, कडेपासून निदान १०० मिमी आत.

अर्थिंगवाला

विजेच्या बाजूने लिहितो. इथल्या चुका डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून जरा सविस्तर.

भार आधी. एसी १.६ किलोवॅट, पंप १.१, मायक्रोवेव्ह १.३, फ्रिज ०.२, दिवे-पंखे ०.६, एकूण ४.८ किलोवॅट. १० केव्हीए गुणिले ०.८ म्हणजे ८ किलोवॅट, तेव्हा ६० टक्के भार, छान बसतं. पंप चालू होताना क्षणभर पाच-सहा पट करंट घेतो, दिवे मिचकतील पण संच झेलेल. ३ किलोवॅटचा गीझर मात्र या बोर्डावर घेऊ नका. तो घेतला की ७.८ होतात, आणि त्यात पंप चालू झाला की व्होल्टेज कोसळतं.

थ्री फेज घरात सिंगल फेज जनरेटर लावताना एक घातक शॉर्टकट दिसतो: तिन्ही फेज एकत्र जोडून पूर्ण घर चालवणं. थ्री फेजमध्ये न्यूट्रलमधून फक्त तिन्हींतला असमतोल वाहतो. फेज एकत्र केले की तिन्हींचा करंट न्यूट्रलमध्ये बेरजेने येतो. एमसीबी फेजवर असतो, न्यूट्रल मुकाट्याने तापत राहतो.

म्हणून वेगळा इमर्जन्सी डीबी करा. मुख्य डीबीतून एक फेज आणि न्यूट्रल एटीएसला, जनरेटरची केबल एटीएसच्या दुसऱ्या बाजूला, आणि बाहेर निघणारी लाइन इमर्जन्सी डीबीला. एटीएस दोन पोलचा, ६३ अँपिअर, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा. सर्किटं हलवताना फेजबरोबर त्याच सर्किटचा न्यूट्रलही हलवायचा. फेज नव्या डीबीत आणि न्यूट्रल जुन्यात राहिला की आरसीसीबी (गळतीचा करंट ओळखून लाइन तोडणारा स्विच) विनाकारण पडत राहतो. वायरमन वैतागून आरसीसीबीच काढून टाकतो, हे तर त्याहून वाईट.

मॅन्युअल असो की ऑटो, चेंजओव्हरमध्ये यांत्रिक इंटरलॉक हवाच, म्हणजे ग्रिड आणि जनरेटर एकाच वेळी जोडले जाऊच शकत नाहीत. सॉकेटमधून उलटी वीज घालण्याचा विचारही नको. ट्रान्सफॉर्मर उलटाही चालतो, तुमचे २३० व्होल्ट लाइनवर हजारो व्होल्ट होऊन जातात आणि खांबावरचा माणूस लाइन बंद आहे असं समजून हात लावतो.

केबल: १० केव्हीएला २३० व्होल्टवर ४३.५ अँपिअर, संचावर ४० अँपिअरचा एमसीबी. १० चौमिमी तांब्याची आर्मर्ड केबल घेतली तर २५ मीटरला जाऊन-येऊन साधारण ४ व्होल्ट पडतात, म्हणजे १.७ टक्के. ६ चौमिमीला ६.७ व्होल्ट पडतात, करंट वाहून नेईल पण जमिनीखाली तापलेली केबल नको. १० घ्या. अॅल्युमिनियम हवी असेल तर १६, पण मग तांबं-अॅल्युमिनियम जोडाला बायमेटल लग लागतील. चर ७५० मिमी खोल, तळाला ७५ मिमी वाळू, वर पुन्हा वाळू, त्यावर विटा आणि धोक्याची पट्टी. कंट्रोल केबल त्याच चरात चालेल, पण पॉवरपासून ३०० मिमी दूर. केबलची वळणं मोठी ठेवा, तिच्या जाडीच्या बारा पट त्रिज्या. २० मिमीच्या केबलला २४० मिमी, म्हणजे प्लंबिंगचा एल्बो इथे अजिबात चालत नाही.

कंट्रोल केबल १२ कोरची, १.५ चौमिमी. स्टार्ट सिग्नलला दोनच कोर लागले तरी उरलेले पुढे लागतात. आणि बहुतेकजण विसरतात ते म्हणजे बॅटरी चार्जर. संचाच्या १२ व्होल्टच्या बॅटरीला ट्रिकल चार्जिंग (सतत थोडं थोडं) हवं, म्हणजे मेन्सची २३० व्होल्टची लाइन संचापर्यंत न्यायची, स्वतःच्या ६ अँपिअर एमसीबीसह. ती नेली नाही तर महिनाभर वीज गेलीच नाही की बॅटरी उतरते, आणि जाते तेव्हा संच नुसता कुईंकुईं करतो.

अर्थिंग. संचाच्या बॉडीला दोन स्वतंत्र जोड आणि न्यूट्रलला वेगळा. ३ मीटरचे रॉड, एकमेकांपासून निदान ३ मीटर लांब. जवळ ठोकले तर दोन असून एकासारखेच. ५ ओहमच्या खाली आणायचा प्रयत्न करा, पण त्यावर विसंबू नका. ५ ओहमला २३० व्होल्ट म्हणजे फक्त ४६ अँपिअर, त्यावर ४० चा एमसीबी लगेच पडत नाही. लहान अल्टरनेटर शॉर्टसर्किटमध्येही ग्रिडसारखा प्रचंड करंट देऊ शकत नाही. म्हणून इमर्जन्सी डीबीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. आणि तो काम करायला जनरेटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये न्यूट्रल-अर्थ लिंक हवी. एटीएस न्यूट्रल तोडतो, तेव्हा जनरेटरवर चालताना ग्रिडचा न्यूट्रल तुमच्यापाशी नसतो. लिंक नसेल तर गळतीच्या करंटला परतायची वाट नाही आणि आरसीसीबी शोभेचा राहतो. कित्येक संच लिंकशिवाय येतात. कव्हर उघडून पाहा, आणि जनरेटरवर घर चालू असताना आरसीसीबी टेस्टरने पाडून बघा. आरसीसीबीवरचं टेस्ट बटण आतल्या रेझिस्टरमधून करंट फिरवतं, अर्थ तपासत नाही.

कंदील

फार उपयोगी. कोपरा नक्की केला. तीन शंका. सळई ६०० मिमीपर्यंत घुसतेय, भराव मीटरभर असावा. सोलर आणि बॅटरी इन्व्हर्टर कुठे जोडायचे? आणि रात्री एसी बंद असेल तर भार अर्धा किलोवॅटच राहतो, तेवढ्यावर संच चालवला तर काही बिघडतं का?

पक्का पाया

मीटरभर भराव असेल तर पूर्ण काढणं उत्तम. ते जमत नसेल तर ६०० मिमी काढा, तळ पाणी मारून दोन दिवस मुरू द्या, मग धुमस, आणि १००-१०० मिमीच्या थरांत मुरूम भरत वर या. चौथरा २.४ × १.५ मीटर करा. एकसारखा ५-१० मिमी खाली बसला तर काही होत नाही, कललेला मात्र नको. खाली फुगणारी काळी माती लागली तर मुरमाचा थर चौथऱ्याच्या बाहेरही ३०० मिमीपर्यंत न्या. चौथऱ्याशी केबलला एक सैल वेढा ठेवा, म्हणजे चौथरा बसण्याचा ताण ग्लँडवर (केबल आत शिरते तिथल्या पकडीवर) येणार नाही.

अर्थिंगवाला

सोलर एटीएसच्या ग्रिडकडच्या बाजूला, मुख्य डीबीतच राहू द्या. इमर्जन्सी डीबीत त्याची लाइन चुकूनही नको. जनरेटर चालू असताना ग्रिड-टाय इन्व्हर्टर त्यालाच ग्रिड समजून वीज ढकलू लागतो. घरचा भार कमी पडला की ती वीज जनरेटरमध्ये शिरते आणि व्होल्टेज, वेग दोन्ही वर जातात.

बॅटरी इन्व्हर्टर इमर्जन्सी डीबीवर चालेल. त्याचा चार्जिंग करंट मधल्या पायरीवर आणा आणि इनपुटची व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सीची रेंज रुंद ठेवा, नाहीतर फ्रिक्वेन्सी किंचित हलली की तो जनरेटर नाकारून बॅटरीवरच राहतो.

टप्पा

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर वर कोणी दिलं नाही, आणि ६० टक्के भार "छान बसतं" हे दिवसापुरतंच खरं आहे. ८ किलोवॅटवर अर्धा किलोवॅट म्हणजे ६ टक्के. ३० टक्क्यांच्या खाली तासन्‌तास चाललेल्या डिझेल इंजिनात सिलिंडर पुरेसा तापत नाही, न जळलेलं डिझेल आणि काजळी सायलेन्सरमध्ये साठते. पाइपाच्या सांध्यांतून काळं चिकट ओघळू लागलं की तेच समजा.

यावर उपाय तुमच्या घरातच आहे. रात्रीचे दिवे, पंखे, राउटर बॅटरी इन्व्हर्टरवर चालू द्या आणि कंट्रोलरचा मोड रात्री मॅन्युअलवर ठेवा. बॅटरी उतरली किंवा एसी लागणार असेल तेव्हाच संच लावा, म्हणजे चार्जिंगचा भारही मिळतो. फ्रिज बंद दाराने चार तास थंडावा धरून ठेवतो.

कंट्रोलरची सेटिंग सुरुवातीला अशी ठेवा: वीज गेल्यावर ५ ते १० सेकंदांनी स्टार्ट, वीज आल्यावर ५ मिनिटं स्थिर दिसल्यावरच परत ग्रिडवर, मग ३ ते ५ मिनिटं बिनभाराने थंड होऊन बंद. आठवड्याला १० मिनिटं आपोआप चाचणी चालेल, पण महिन्यातून एकदा अर्धा तास एसी, पंप आणि मायक्रोवेव्ह लावून खऱ्या भारावर चालवा. पाऊण भाराला तासाला साधारण २ लिटर डिझेल लागतं. टाकी भरलेली ठेवा, अर्ध्या रिकाम्या टाकीत दव धरतं आणि तळाला पाणी साचतं. साठवलेलं डिझेल वर्षापेक्षा जास्त ठेवू नका.

संच उतरवायच्या दिवसासाठी फाटकाची रुंदी आणि वरून जाणाऱ्या तारा आधी मोजून ठेवा. ६५० किलो हाताने ढकलायचे नसतात, क्रेनचा हात चौथऱ्यापर्यंत पोचतो का ते पाहा. क्रेनची चाकं ताज्या बुजवलेल्या चरावरून जाणार असतील तर तिथे जाड लोखंडी पत्रा टाका.

आणि केबल ओढून झाली की पाइपांची तोंडं त्याच दिवशी बंद करा. कॅनोपीत ऊब असते, उंदीर पाइपातूनच येतात आणि आधी कंट्रोलची बारीक वायर कुरतडतात. नुसता फोम ते खातात, आधी स्टीलची घासणी कोंबा आणि वरून फोम मारा.